रात्री साडेनऊ ते साडेअकरा, एवढाच वेळ आहे. काय काम करू?

सातारचा_टायपिस्ट:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका वकिलांकडे टायपिंगला आहे, पगार १४ हजार. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी दुसरीत. सकाळी तिची वेणी (एकच जमते, तीही वाकडी), डबा, व्हॅन, मग कोर्ट. शाळा सुटल्यावर ती शेजारच्या काकूंकडे असते. रात्री ती झोपली की दोन तास माझे. महिन्याला तीनेक हजार जास्तीचे मिळाले तरी पुष्कळ.

मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० स्पीडच्या दोन्ही परीक्षा पास आहे, म्हणून एका 'घरबसल्या डेटा एन्ट्री'वाल्यांना नोंदणीचे १,८०० भरले. पाच दिवसांत ४०० फॉर्म भरायचे, तेही पुसट फोटोंवरून. जागून भरले. तर म्हणे चुका जास्त, करार मोडला, ६,५०० भरा. वर व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस! रोज दुसऱ्यांच्या नोटिसा बडवणारा मी, पण स्वतःचं नाव वाचलं आणि हातपाय गळाले. साहेबांना सांगायची लाज वाटते. भरून टाकू का?

भाजणीवाली_ताई:
एक छदाम देऊ नका, दादा. माझ्या जावेला पेन्सिल पॅकिंगच्या नावाखाली असंच लुटलं. आधी नोंदणी, मग आयकार्ड, मग म्हणे मालाची गाडी नाक्यावर अडकलीय. मीही दोन मुलं एकटीनं वाढवली. चकलीची भाजणी विकते. २०२२ मध्ये खाद्यपदार्थांची छोटी नोंदणी केली, वर्षाला १०० रुपयांत झाली. पण तुम्ही रात्री भाजणी भाजत बसू नका, तुमच्या बोटांत कला आहे ती वापरा.

काळा_कोट:
१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच फोन करून तक्रार नोंदवा, पैसे पाठवल्याचा पुरावा जवळ ठेवा. आणि नोटिशीत कलम कोणतं टाकलंय ते वाचा बरं.

सातारचा_टायपिस्ट:
वाचलं. ४२०! अहो, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीला आम्ही आता ३१८ टाकतो. जुन्या खटल्यांत ४२० येतं, पण माझा 'गुन्हा' गेल्या महिन्यातला. हे मलाच दिसू नये? साहेबांना दाखवली. आधी हसले, मग अर्धा तास झापलं.

डीटीपी_पेठवाला:
आता कामाचं बोलू. हाताने लिहिलेली पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर वाचता येईल अशा मराठीत, टाइप करून हवी असतात. शिवाय श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधल्या फायली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. ते मूळ प्रत समोर ठेवून कुणीतरी तपासावंच लागतं. मी पानाला २५ देतो. तुमच्या गावातल्या डीटीपीवाल्यांना एक नमुना पान करून दाखवा. नवं गिऱ्हाईक असेल तर निम्मे पैसे आधी घ्या. आणि वेग सांगू नका, शुद्धलेखन दाखवा. वेगवाले पोतंभर आहेत.

सातारचा_टायपिस्ट:
दीड महिन्याने लिहितोय. १,८०० काही परत आले नाहीत, ते सोडले. त्यांचा नंबर मात्र बंद झालाय.

पोवई नाक्याजवळच्या एका डीटीपीवाल्याने निवृत्त गुरुजींच्या आठवणींची वही दिली, २१२ पानं, दर २५ रुपयेच. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं, पण घ आणि ध एकसारखे, त्यामुळे 'धर' आणि 'घर' अंदाजाने ओळखावं लागतं. रात्रीची सहा पानं होतात. वीस रात्री बसलो तर तीन हजार. मान धरते, पण कुणाची नोटीस येत नाही.

आता एकच अडचण आहे. मुलीला गॅदरिंगला दोन वेण्या हव्यात, त्याही रिबिनी लावून, वर बांधलेल्या. ताई, त्यासाठी वेगळा धागा काढू का?