एटीआर गेल्यावर छोट्या विमानाला का थांबवतात?

प्रश्न: काल उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. एटीआर (पंख्यांचं प्रवासी विमान) उडालं, आवाजही विरला. धाकटा म्हणाला, 'बाबा, याच्यामागं छोटं सेसना विमान लगेच सोडत नाहीत.' तो पुढच्या महिन्यात विमान शिकायला जातोय, जिवाला घोर आहे. रिकाम्या हवेत धोका कसला?

उत्तर: दादा, हवा रिकामी नसते. पंखाखाली दाब जास्त, वर कमी; म्हणून टोकाकडून हवा वर वळते आणि मागे दोन भोवरे सुटतात. पुरात पंचगंगेचं पाणी पुलाच्या खांबामागं गरगरतं ना, तसंच, फक्त दिसत नाही. विमान जड, संथ आणि फ्लॅप (पंखामागच्या झडपा) मिटलेले, तेव्हा भोवरे सगळ्यात जोरकस. शिकताना मी एकदा कडेला सापडलो. डावा पंख झपकन खाली गेला, स्टिक पूर्ण उजवीकडे दाबली तरी विमान क्षणभर ऐकेना. उंची होती म्हणून वाचलो. म्हणून एटीआरसारख्या मध्यम वजनाच्या विमानामागं हलक्याला उडताना २ मिनिटं थांबवतात.

उत्तर: भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली बसतात. त्यामुळं उतरताना मोठ्याच्या वाटेच्या वरूनच यायचं, त्याची चाकं जिथं टेकली त्याच्या पुढं टेकायचं. मंद आडव्या वाऱ्यात जास्त जपा, भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो.

प्रश्नकर्ता: धाकट्याला आत्ताच वाचून दाखवलं. ते २ मिनिटांचं त्यानं वहीत लिहून घेतलंय.