जुनी फोर्कलिफ्ट घ्यायचीय, काय काय तपासू?

काजूवाला, लांजा:
काजूच्या गोण्यांसाठी अडीच टनी डिझेल गाडी बघतोय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात चाललेली आहे. नवा रंग मारलाय, मीटरवर तास कमी दिसतात. रविवारी बघायला जातोय.

गॅरेजवाला, चिपळूण:
रंगावर जाऊ नका हो. खारा वारा आतून खातो. मास्टच्या (पुढच्या उभ्या सांगाड्याच्या) तळाला, चेनच्या पिनांजवळ आणि हायड्रॉलिक होजच्या (तेलाच्या नळ्यांच्या) टोकांना टॉर्च मारून बघा. चेन 3 टक्के ताणली गेली असेल तर बदलावीच लागते. फोर्क, म्हणजे माल उचलणारा दात, वळतो त्या कोपऱ्यातली जाडी मोजा आणि उभ्या भागाशी ताडा. 10 टक्के झिजला की बाद. तिथे वेल्डिंग दिसलं तर मी ती गाडी घेणार नाही.

इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजून जा, आधीच चालू करून ठेवलीय. मग वजन थोडं उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. बरंच खाली सरकलं तर सिलिंडरचे सील नाहीतर व्हॉल्व्ह गेलाय. खाली कुणाला उभं करू नका.

काजूवाला, लांजा:
आणि मीटर?

गॅरेजवाला, चिपळूण:
पेडलचं रबर, सीट बघा. तास कमी आणि ती झिजून गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

बागायतदार, देवगड:
क्षमतेची पाटी रंगाखाली गेली नाही ना, तेही बघा. अडीच टन म्हणजे साधारण 500 मिमी लोड सेंटरला, म्हणजे फोर्कच्या उभ्या भागापासून मालाच्या वजनाचा मध्य तेवढ्या अंतरावर असताना. मध्य त्यापुढे गेला की क्षमता उतरते.