गेममधल्या 'दादा'ची मुलाला धमकी, आधी काय करू?

कराडची_आई
मुलगा आठवीत, १३ वर्षांचा. सुट्टीत मामाकडे असताना मोबाइलवरच्या गेममध्ये एका 'दादा'शी ओळख झाली. त्याने आधी गेममध्ये खरेदीला लागणारे डायमंड फुकट दिले, मग दुसऱ्या ॲपवर बोलावलं आणि गोड बोलून नको तसा फोटो मागवून घेतला. आता म्हणतो, ५,००० रुपये दे, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. पोराने माझ्या फोनवरून १,५०० पाठवलेसुद्धा. काल जेवताना ताटावरच रडायला लागला, तेव्हा कळलं. मी रागावले नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही. ह्यांना सांगितलेलं नाही, ते आधी फोन फोडतील. सगळं डिलीट करून त्याला ब्लॉक करू का? पोलिसांत गेलो तर गावभर होईल का?

सांगली_वकील
ताई, डिलीट काहीच करू नका. आणि आता एक रुपयाही नाही. १,५०० मिळाले म्हणूनच तो मागतोय. चॅटचे स्क्रीनशॉट काढा, त्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा, कारण वर दिसणारं नाव तो कधीही बदलेल. मुलाचा फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका. मग ब्लॉक करा. पैसे गेलेत, तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा.

गावभर होण्याचं म्हणाल, तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा असो की मुलगी, १८ खालच्या सगळ्यांना लागू आहे. कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा बातमीत देता येत नाही. कलम २४ प्रमाणे जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, आणि पोलीस गणवेशात नसतात. मी अशा जबाबांच्या वेळी हजर राहिलोय. मुलं पोलिसांपेक्षा वडिलांच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात. मिस्टरांना आजच सांगा.

नाशिकचा_बाबा
मी रागाच्या भरात मुलीचा फोन काढून घेतला होता. पुढच्या वेळी तिने मैत्रिणीला सांगितलं, मला नाही. अजून सलतं ते.
'टेक इट डाउन' ही मोफत सेवा बघा. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो. त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी तो फोटो ओळखून काढून टाकता येतो.

कराडची_आई
१९३० तिसऱ्या खेपेला लागला, तक्रार नोंदवली. ह्यांना सांगितलं. काहीच बोलले नाहीत, गादी उचलून पोराशेजारी जाऊन झोपले. उद्या तिघं ठाण्यात जातोय. पण स्क्रीनशॉटमध्ये लिंक दिसत नाही, नुसतं नाव दिसतंय.

सांगली_वकील
ब्लॉक करण्याआधी त्याचं प्रोफाइल उघडा. बहुतेक ॲपमध्ये वर तीन ठिपके असतात, तिथे लिंक कॉपी करता येते. ती वहीत हाताने लिहूनही ठेवा.