इंग्रजी वाक्यात कॉमा: थांबतो तिथे द्यायचा, की काही पक्का नियम आहे?

गोरेगाव_फास्ट

ऑफिसात क्लायंटला इंग्रजीतून मेल लिहावे लागतात. शाळेत 'वाचताना जिथे थांबाल तिथे स्वल्पविराम' एवढंच शिकवलं होतं. आता मॅडम मेल तपासतात आणि निम्मे कॉमा खोडतात. ही तीन वाक्यं परत आली. नेमकं काय चुकलं?

१. द सर्व्हर वॉज डाउन, वी कुड नॉट अपलोड द फाइल.
२. ही सेड, दॅट द पेमेंट इज डन.
३. ऑल द पेंडिंग इन्व्हॉइसेस ऑफ द अंधेरी ऑफिस, आर अटॅच्ड.

लाल_शाई

थांबण्याचा नियम आधी डोक्यातून काढा. इंग्रजीत कॉमा वाक्याच्या रचनेवरून ठरतो, दमावरून नाही. प्रत्येक वाक्यात क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता शोधा. निम्मं काम तिथेच होतं.

पहिल्यात कॉमाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र उभी राहू शकणारी वाक्यं आहेत. नुसत्या कॉमाने ती जोडता येत नाहीत. या चुकीला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. फुलस्टॉप द्या, सेमिकोलन द्या, नाहीतर कॉमाच्या पुढे 'सो' घाला. हे जोडकाम सात शब्द करतात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' त्यात नाहीत. '..., देअरफोर वी कुड नॉट...' ही तीच चूक, फक्त टाय लावून आलेली. तिथे शब्दाआधी सेमिकोलन आणि शब्दानंतर कॉमा.

उलट बाजूही बघा. 'आय चेक्ड द फाइल अँड सेंट इट टू पुणे' यात 'अँड'नंतर नवा कर्ता नाही, म्हणून कॉमा नको. 'अँड' दिसला की कॉमा ठोकायची सवय फार जणांना असते.

दुसरी चूक थेट मराठीतून आली आहे. 'तो म्हणाला, की...' असा स्वल्पविराम आपण देतो, म्हणून 'दॅट'च्या आधीही हात जातो. तिथे काही नको. बोललेले शब्द जसेच्या तसे अवतरणात देणार असाल तरच 'सेड'नंतर कॉमा.

तिसऱ्यात कर्ता लांबलचक झाला आणि तुम्ही दम खाल्लात. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा येत नाही. जोडी चालते: 'ऑल द इन्व्हॉइसेस, इन्क्लुडिंग द अंधेरी वन्स, आर अटॅच्ड.' दोन कॉमांमधला मजकूर झाकून वाचा. उरलेलं वाक्य धड असेल तर जोडी बरोबर बसली.

ठाणे_लोकल

वर सगळं बरोबर आहे, पण सर्वांत महागात पडणारी चूक राहिली. मेगाब्लॉकनंतरची ही नोटीस वाचा:

'एम्प्लॉयीज हू केम लेट विल बी मार्क्ड हाफ डे.' म्हणजे जे उशिरा आले त्यांचाच अर्धा दिवस.

'एम्प्लॉयीज, हू केम लेट, विल बी मार्क्ड हाफ डे.' म्हणजे सगळेच उशिरा आले आणि सगळ्यांचाच अर्धा दिवस!

'कोणते?' याचं उत्तर देणारा भाग कॉमात कोंडू नका. नुसती जादा माहिती असेल तरच जोडी द्या.

जर-तरची वाक्यं सोपी आहेत. 'इफ द ट्रेन इज लेट, कॉल मी' यात 'इफ'चा भाग आधी आला, म्हणून कॉमा. 'कॉल मी इफ द ट्रेन इज लेट' यात नको. आणि 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे 'बट' घालू नका. ते आपलं 'जरी-तरी' आहे.

गोरेगाव_फास्ट

नोटीस भारीच! आणखी एक: यादीत शेवटच्या 'अँड'आधी कॉमा द्यायचा का?

लाल_शाई

तो ऑक्सफर्ड कॉमा. ब्रिटिश वर्तमानपत्रं सहसा देत नाहीत, अमेरिकी पुस्तकांत असतो. कंपनीची पद्धत असेल ती पाळा. माझं मत, करारात द्यावाच. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइम कायद्यात 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं 'ऑर'आधी कॉमाविना लिहिलं होतं. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांत डिस्ट्रिब्यूशन स्वतंत्रपणे येतं की नाही, यावरून ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

ठाणे_लोकल

इन्व्हॉइस पाठवता म्हणून सांगतो: परदेशी क्लायंटला १२,५०,००० असं लिहू नका. तिकडे तीन-तीन अंकांवर कॉमा, म्हणजे १,२५०,०००. तारीख '५ मार्च २०२४' अशी लिहिलीत तर कॉमाच नको. 'मार्च ५, २०२४' लिहिलीत आणि वाक्य पुढे चालू असेल, तर वर्षानंतरही एक द्यावा लागतो.