उभ्या गाडीची बॅटरी वर्षभर चार्ज कशी ठेवावी?

प्रश्न
आमची पेट्रोल गाडी महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते, एरवी झाकून उभी असते. बॅटरी ४५ अँपिअर-तास साठवणक्षमतेची असून जुनी नाही, तरीही दोन-तीन आठवड्यांनी सेल्फ मारला की इंजिन फिरण्याऐवजी नुसता टकटक आवाज येतो. म्हणून दर आठवड्याला मी गाडी जागेवरच पंधरा मिनिटे चालू ठेवतो, पण त्याने फरक पडत नाही. ऋतूनुसार काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवणे पुरेसे आहे का?

उत्तर १
जागेवरच्या पंधरा मिनिटांचा हिशेब जुळत नाही. गाडी बंद असतानाही अलार्म, सेंट्रल लॉक आणि संगणकीय युनिट थोडा प्रवाह घेतच राहतात. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ आणि आठवड्याला सुमारे साडेआठ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत निम्मी बॅटरी रिकामी. सेल्फ मारण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. खरी गळती उभ्या दिवसांतली आहे. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, आणि बॅटरी भरत आली की शेवटचा भाग ती फार सावकाश घेते, त्याला काही तास लागतात.

आपण आधी मल्टिमीटरने मोजून पाहावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२.४ च्या खाली ती फार दिवस राहू देऊ नये, कारण बॅटरी उतरताना आतल्या प्लेटांवर बसलेले लेड सल्फेट हळूहळू टणक होत जाते आणि मग चार्जरनेही पुरते विरघळत नाही. बॅटरी वयाने नव्हे, तर अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने अकाली मरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २
ऋतूंबद्दल सांगतो. बॅटरी बंद पडते थंडीत, म्हणून सगळे थंडीला दोष देतात. प्रत्यक्षात नुकसान बरेचसे उन्हाळ्यात झालेले असते. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की बॅटरीची आपोआप उतरण्याची गती जवळजवळ दुप्पट होते, शिवाय पाणी कमी होते आणि प्लेटा गंजतात. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पातळी वरचेवर पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे, ॲसिड कधीही नाही. दमट दिवसांत टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढतो. तो खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन, कोरडे करून वर व्हॅसलीन लावावे. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते आणि बॅटरीची ताकद घटते, त्यामुळे तेव्हा ती पूर्ण भरलेली असणे सर्वांत महत्त्वाचे. भरलेल्या बॅटरीतील द्रावण कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, मात्र उतरलेल्या बॅटरीतले शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून तिचे कवच तडकू शकते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज सकाळी मोजले तर १२.१ व्होल्ट भरले. आता टर्मिनल काढू की चार्जर घेऊ?

उत्तर ३
आधी चार्जरने पूर्ण भरून घ्यावी. टर्मिनल काढल्याने गाडीची गळती थांबते, बॅटरीचे आपोआप उतरणे थांबत नाही. शिवाय घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जाते व अलार्म बंद राहतो. गाडीजवळ विजेची सोय असेल तर स्वयंचलित मेंटेनर चार्जर उत्तम, कारण बॅटरी भरल्यावर तो सुमारे १३.५ व्होल्टवर येऊन थांबतो. साधा चार्जर आठवडेच्या आठवडे लावून ठेवू नये, त्याने पाणी उकळून जाते. बॅटरी एजीएम प्रकारची (काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषून ठेवलेली, बंदिस्त) असल्यास चार्जरवर तीच निवड करावी. जागा हवेशीर असावी, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो पेटू शकतो. विजेची सोय नसेल तर टर्मिनल काढणेच बरे: काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. मात्र तेव्हाही महिन्या-दोन महिन्यांनी व्होल्टेज तपासून गरजेप्रमाणे चार्ज करावे. आणि गाडी बाहेर काढाल तेव्हा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी.