डेल्टा कुणावर अवलंबून?

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीपासून (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सगळं इंग्रजीत, म्हणून बेळगाव-खानापूरकडची पोरं बीएस्सीला कलनाच्या काटेकोर सिद्धता शिकवणाऱ्या रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये अडतात, असं म्हटलं जातं. अर्धंच पटलं. अडतं ते 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांच्या क्रमापाशी, आणि तिथं मराठी उलट मदतच करते. 'प्रत्येक गावाला तलाठी आहे' आणि 'सगळ्या गावांना मिळून एकच तलाठी आहे' यातला फरक कुणालाही कळतो. सातत्य हे पहिलं वाक्य, एकसमान सातत्य हे दुसरं. गाव म्हणजे बिंदू, तलाठी म्हणजे डेल्टा: एप्सिलॉन ही फलाच्या किमतीतल्या फरकाची दिलेली मर्यादा, आणि बिंदूपासून डेल्टाहून कमी सरकलं तर तो फरक एप्सिलॉनच्या आत राहतो.

एक्सचा वर्ग हे फल घ्या. ए या बिंदूपाशी डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन भागिले (२|ए| + १) यांतली लहान संख्या चालते. छेदात ए आहे, म्हणजे ए वाढेल तसा डेल्टा आकसतो. तरीही एखादा डेल्टा सगळीकडे पुरेल का? एन आणि एन + १/एन हे बिंदू घ्या: अंतर शून्याकडे जातं, पण वर्गांतला फरक २ + १/एन², कायम २ पेक्षा जास्त. एप्सिलॉन १ धरला की कुठलाच डेल्टा सगळीकडे पुरत नाही, म्हणजे सातत्य आहे, एकसमान सातत्य नाही. मराठी दगा देते ती नकारात. 'सगळे आले नाहीत' म्हणजे कुणीच नाही की काहीजण नाहीत? म्हणून 'एकसमान सातत्य नाही' असा नकार करताना आधी 'असा एक एप्सिलॉन आहे, की डेल्टा कितीही लहान घेतला तरी...' असं पूर्ण वाक्य वहीत लिहावं, चिन्हं मागाहून.