मदत हवी आहे: एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड परत कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी, आजोबांची १९६५ची एमजीबी बेळगावात घरीच नीट करायलोय. डॅशबोर्डचा पत्रा उद्यमबागेत रंगवून आणला, काळा दाणेदार फिनिश एकदम झकास आलाय, पण आता परत बसवताना वरच्या बाजूचे नट हाताला लागतच नाहीत, दोन दिवस झाले पाठीवर झोपून प्रयत्न करायलोय. गेज (मीटर) आधी डॅशला लावून मग आत घालायचे की डॅश बसवून मग? ऑइल आणि टेम्परेचरचा एकच गेज आहे, त्याची पातळ कॅपिलरी (टेम्परेचरची बारीक नळी) इंजिनपर्यंत जाते, ती मोडली तर गेजच गेला म्हणून लई भीती वाटते. वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचंच (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) ठेवलंय. कुणी हे काम केलंय काय? क्रम तेवढा सांगा की, फोटो असतील तर फार बरं होईल.